एका कॅसेटीत एकच आवाज

बोलताना त्यांच्या हातात कॅसेट असायची आणि कॅसेटीच्या दातेरी भोकात पेन्सिल. पेन्सिल हळूहळू फिरवत, टेप एका बाजूकडून दुसरीकडे सरकवत ते बोलायचे. सुरुवातीचा कोरा तुकडा गुंडाळून टाकायचा आणि आवाज जिथून सुरू होतो बरोबर तिथे थांबायचं, एवढंच ते काम. पण करताना त्यांचा चेहरा सुईत दोरा ओवणाऱ्या माणसासारखा व्हायचा. मी एकदा विचारलं, "भाऊ, चार-सहा सेकंद कोरे गेले तर काय बिघडतं?"

"मिनिट भल्ला लंबा असते, मॅडम," ते म्हणाले. "मांडवात उभं राहून पाहा एकदा."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं की अजूनही कुणी "एक मिनिट हं" म्हणून आत गेलं, की मला ते मिनिट लांब पडलेलं दिसतं.

सौंसर म्हणजे नागपूरच्या वर, मध्य प्रदेशातलं आमचं मराठी गाव. तिथल्या बसस्टँडमागे, आमच्या वाचनालयाच्या अगदी समोर, त्यांचं लाउडस्पीकरचं दुकान होतं. दोन ॲम्प्लिफायर, चार भोंगे, वायरींची भेंडोळी आणि भिंतीला टेकवलेली एक सायकल. लग्न, बारसं, तेरवी, सभा, सगळीकडे तेच. गाव त्यांना भोंगेवाले भाऊ म्हणायचं. खरं नाव मी इथे लिहीत नाही; लिहिलं तरी अर्ध्या सौंसरला ते कुणाचं हे कळणार नाही.

तुमच्याही गावात असा एखादा माणूस असेल. समारंभात सगळ्यात आधी येतो, सगळ्यात शेवटी जातो, आणि फोटोत कधीच नसतो.

मी तेव्हा वाचनालयात नोकरीला होती. ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं. माझं वय सव्वीस, घरी पक्षाघातानं अंथरुणाला खिळलेले वडील, सख्खा भाऊ नोकरीसाठी भोपाळला. वाचनालयात येणारे म्हणजे पेन्शनवाले आणि नागपूरच्या बसची वाट पाहणारे. बस आली की वाचक अर्ध्या बातमीवरून उठून जायचे. समोरच्या दुकानाशी माझा संबंध एवढाच, की दुपारी तिकडून "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग" ऐकू आलं की मी खिडकी लावून घ्यायची.

एका दुपारी तेच आत आले. चपला दाराबाहेर काढून, देवळात आल्यासारखे.

"तुमच्या इथं किती पुस्तकं आहे, मॅडम?"

"तीन हजारांच्या वर."

"आनि मी म्हटलं, अमुक पुस्तक द्या, तर किती टाइम लागते?"

मला वाटलं चेष्टा करताहेत. पण त्यांनी मनगटावरचं घड्याळ समोर धरलं होतं. मी टेबलावरच्या यादीतून एक पुस्तक सांगितलं, उठली, कपाटातून काढून त्यांच्या हातात दिलं.

"बावीस सेकंद," ते म्हणाले. "त्यात तुमी चप्पल शोधली ते पकडून."

मग खुर्चीच्या टोकावर बसून त्यांनी कारण सांगितलं. दोन दिवसांपूर्वी लोधीखेड्याकडच्या एका गावात लग्न होतं. अंतरपाट निघाला, अक्षता पडल्या, गुरुजी म्हणाले वाजवा, आणि भाऊंना कॅसेट सापडेना. पिशवी उपडी केली. सगळा मांडव गप्प उभा. शेवटी सापडली ती घाईत घातली, आणि बाजू उलटी लागली. त्या बाजूवर आदल्या आठवड्यातल्या तेरवीचं भजन होतं. देह कसा नाशवंत आहे, हे चारी भोंग्यांतून नवरा-नवरीला ऐकू गेलं.

"मंग?" मी विचारलं.

"नवरदेवाच्या मामानं वायर उपटली. नवरीची आजी होती तिथंच बसली. तिले पानी पाजलं लोकायनं." ते माझ्याकडे पाहून म्हणाले, "हासा न मॅडम. सारं गाव हासून राहिलं."

मी हसली नाही असं सांगितलं तर खोटं होईल. पण ते हसत नव्हते. नवरीनं त्यांच्याकडे पाहिलं होतं, तेवढंच त्यांच्या मनात राहिलं होतं.

मी त्यांना आमची पद्धत दाखवली. विषय, मग क्रमांक, मग कार्ड. कार्डावरून कपाट, कपाटावरून कप्पा. ते एकेक कार्ड जपून उचलून पाहत होते. शेवटी म्हणाले, "पर मले पुस्तक नाही, पुस्तकाच्या मधातलं एक पान पायजे असन तर?"

"ते मग शोधावं लागेल."

"हा. तिथंच तर मेलो मी."

त्यांचं म्हणणं खरं होतं. एकेका कॅसेटीवर दहा-बारा गोष्टी भरलेल्या. हव्या त्या जागी पोहोचायला पुढे पळवा, मागे पळवा, ऐका, पुन्हा पळवा. तोवर वरात मांडवाच्या दारात.

चार दिवसांनी ते परत आले तेव्हा बोटांना चिकटपट्टीचे तुकडे लागलेले. त्यांनी कॅसेटींचे बारके स्क्रू काढून टेप कापली होती. एका साठ मिनिटांच्या टेपचे तुकडे करून एकेक तुकडा कॅसेटीच्या एकेका रिकाम्या डबीत गुंडाळला होता. दोन मिनिटांची कॅसेट, तीन मिनिटांची कॅसेट. जगात तेव्हा कुणी अशा कॅसेटी करत होतं का, मला माहीत नाही. सौंसरात एकच माणूस करत होता.

"एका कॅसेटीत एकच आवाज," ते म्हणाले. "घातली का सुरू. आता तुमी त्याच्यावर नंबर टाका. अक्षर तुमचं साजरं आहे."

मी म्हटलं, अकारविल्हे लावू. अक्षता, आरती, औक्षण.

"लग्नात अ पह्यले येते का, मॅडम?"

नाही येत. पहिले येतो मांडव. मग हळद, मग परण्या निघतो, म्हणजे नवरदेवाची मिरवणूक, मग मंगलाष्टकं, अक्षता, जेवणं आणि शेवटी बिदाई, म्हणजे मुलीची पाठवणी. लग्न ज्या क्रमानं लागतं त्याच क्रमानं कॅसेटी लावायच्या, हे त्यांनी मला शिकवलं. तीन हजार पुस्तकं सांभाळणाऱ्या मला ते सुचलं नव्हतं. संत्र्याच्या रिकाम्या पेटीत त्यांनी पातळ फळ्यांचे कप्पे केले. मी चिठ्ठ्या लिहिल्या. त्यांना वाचायला वेळ लागायचा, चौथीत शाळा सुटली होती. त्यावर त्यांच्या बायकोनं उपाय काढला. तिनं आपल्या टिकल्यांचं पाकीट आणून प्रत्येक कॅसेटीला टिकली लावली. हळदीला पिवळी, अक्षतांना लाल, बिदाईला हिरवी.

"आता माह्या कपाळाले काही नाही राहिलं," ती मला म्हणाली, "पर याह्यच्या कॅसेटी सवाष्ण झाल्या."

पुढच्या लग्नाला त्यांनी मला मुद्दाम बोलावलं. मांडवाच्या कोपऱ्यात ते दोन टेपरेकॉर्डर घेऊन बसले होते. एक वाजत असायचा, दुसऱ्यात पुढची कॅसेट घालून, बटण दाबून धरून ठेवलेली. नजर सगळी गुरुजींच्या हातावर. अंतरपाट निघाला आणि सनई सुरू झाली, मध्ये श्वासाइतकीही फट नाही. त्यांनी माझ्याकडे पाहून मनगटावरच्या घड्याळावर बोट ठेवलं. त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं.

पण ती सनई बाजारच्या कॅसेटीवरून उतरवलेली होती. म्हातारी माणसं म्हणायची, आवाज साजरा आहे, पर आपला नाही.

आपला आवाज म्हणजे गोमाजींचा. गोमाजी लोधीखेड्याचे, साठी उलटलेले. आमच्या तहसिलीत तीस-चाळीस वर्षं ज्या घरात लग्न, त्या घरात त्यांची सनई. माझ्या आईच्या लग्नात त्यांच्या वडिलांनी वाजवली होती. भाऊंनी त्यांना सांगितलं, तुमचा आवाज भरून ठेवू. जिथं तुम्ही पोहोचू शकत नाही तिथं तो जाईल. गोमाजींना ते आवडलं. एका मुहूर्तावर तीन-तीन लग्नं असायची आणि लोकांना नाही म्हणणं त्यांच्या जिवावर यायचं.

आवाज भरायचा कुठे? भाऊ म्हणाले, वाचनालयात. पुस्तकं आवाज पिऊन घेतात, घुमू देत नाहीत. सुट्टीच्या दिवशी दुपारी मी कुलूप उघडलं. भाऊंनी खिडक्यांना सतरंज्या लावल्या, माइक उभा केला आणि बोट वर करून म्हणाले, "हं, बुवा. अक्षता."

गोमाजींनी सनई ओठाला लावली आणि खाली घेतली.

"नवरी कुठं आहे?"

"नवरी नाही बुवा. नुसता आवाज भरून राहिलो न आपन."

"नवरी नाही तं मी पाहू कोनाकडे? तिचा पाय उचलते तसा सूर उचला लागते." मग त्यांची नजर माझ्याकडे वळली. "ही बाई आहे न. बाई, तू बैस तिथं स्टुलावर. मी तुह्याकडे पाहून वाजवतो."

मी बसली. पहिले हळदीचं झालं, मग परण्याचं, मग अक्षतांचं. प्रत्येकानंतर भाऊ कॅसेट बदलायचे. बिदाईच्या आधी गोमाजी म्हणाले, "आता बापाले आठव."

आठवायची गरज नव्हती. वडील दोन गल्ल्या पलीकडे होते, उजवा हात छातीवर, तोंड भिंतीकडे. सनई सुरू झाली आणि मला कळेना आपल्याला काय होतंय. मी उंबरठ्यातून निघत नव्हती, कुठेच जात नव्हती, वर्तमानपत्राच्या टेबलाशेजारी स्टुलावर बसली होती, आणि पदरानं डोळे पुसत होती. भाऊंचं माझ्याकडे लक्ष नव्हतं, ते मशीनवरच्या काट्याकडे पाहत होते. तीन मिनिटं झाली. त्यांनी हात आडवा केला. गोमाजी थांबले.

चहा पिताना गोमाजी म्हणाले, "अजून होतं."

"किती होतं?" भाऊंनी विचारलं. त्यांना आकडा पाहिजे होता.

"ते मले काय ठाऊक. ही अजून रडून राहिली होती न."

माझं लग्न पुढे झालं नाही. का, ते इथे सांगायचं कारण नाही. पण सौंसर-लोधीखेड्यात त्या दोन-तीन वर्षांत ज्या पोरी सासरी गेल्या त्या माझ्या बिदाईवर गेल्या, हे मी कधी कुणाला सांगितलेलं नव्हतं.

त्या कॅसेटी फार चालल्या. दोन लग्नसराया भाऊंना उसंत नव्हती. माझ्या अक्षरातल्या चिठ्ठ्या घेऊन ती संत्र्याची पेटी बैलगाडीतून, जीपमधून, बसच्या टपावरून गावोगाव फिरली. लोक म्हणायचे, गोमाजीच आले जणू. दुपारी कॅसेटीला पेन्सिल लावून भाऊ माझ्यासमोर बसायचे आणि कुठल्या गावात काय झालं ते सांगायचे. मला त्या वेळेची सवय झाली होती. तीन वाजले की मी दाराकडे पाहायची.

तिसऱ्या वर्षी माझ्या मैत्रिणीच्या बहिणीचं लग्न लोधीखेड्याजवळ होतं. सकाळचा मुहूर्त, दुपारी जेवणं. मी पंगतीत बसायला गेली तर एका कडेला गोमाजी बसलेले. पांढरी टोपी, धुतलेला सदरा, पुढ्यात पत्रावळ. मी विचारलं, "आज तुम्ही इकडे?"

"बलावनं होतं," ते म्हणाले. "जेवाचं."

भोंग्यातून त्यांचीच सनई चालू होती. ते घास घेत होते आणि डाव्या हाताची बोटं मांडीवर सुरांबरोबर हलत होती. घास संपला की बोटं थांबत नव्हती.

चार वाजता बिदाई निघाली. भाऊंनी हिरव्या टिकलीची कॅसेट लावली. नवरी आईच्या गळ्यात पडली, मग काकूच्या, मग धाकट्या बहिणीच्या. धाकटी तिला सोडेना. आणि टक असा आवाज होऊन कॅसेट संपली.

तीन मिनिटं झाली होती. नवरी अजून दारात होती.

तो शांतपणा मला अजून आठवतो. सनई होती तोवर रडणं त्यात झाकलेलं होतं. ती थांबली आणि त्या पोरीचा हुंदका सगळ्या मांडवाला उघडा ऐकू आला. तिनं दचकून तोंडावर पदर घेतला. पाहुणे इकडेतिकडे पाहू लागले. भाऊंनी कॅसेट काढली, पेन्सिल घालून भराभर मागे फिरवू लागले. पण सुरुवातीपासून लावली तर ते पुन्हा चढत्या सुरापासून सुरू होणार होतं.

गोमाजी त्यांच्याजवळ गेले. रागावले नव्हते. कामातली एखादी बारीक गोष्ट सांगावी तसं म्हणाले, "आवाज साजरा आला रे. पर पोरगी नजरेआड होये तोवर तोडा नाही लागत."

भाऊंनी मान हलवली.

"औंदा किती लग्नं केली बुवा तुमी?" त्यांनी विचारलं.

"एक," गोमाजी म्हणाले. "लोक म्हनते, तुमी कायले तकलीफ घेता, कॅसेट आहे न तुमची."

दुसऱ्या दिवशी तीन वाजता भाऊ आले, पण हात रिकामे होते. खुर्चीच्या टोकावर बसले. मग म्हणाले, "मॅडम, मले वाटलं मी त्याह्यचा आवाज पोहचवून राहिलो. मी तं त्याह्यले घरी बसवलं."

चिठ्ठ्या माझ्या होत्या. क्रम लावताना मी सोबत होती. "आपण दोघांनी बसवलं," मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि "नाही, तुमी नाही" असं न म्हणता ते तसंच राहू दिलं. त्यासाठी मी त्यांची आजही ऋणी आहे.

त्यांनी त्या कॅसेटी वाजवणं बंद केलं. लग्नघरची माणसं आली की सांगायचे, सनई पाहिजे तर गोमाजींना बोलवा, मी माइक लावतो. कॅसेट नाही लावणार. लोकांना हा काय हट्ट ते कळेना. पण तोवर पांढुर्ण्याच्या एका लाउडस्पीकरवाल्यानं सगळ्या पेटीची नक्कल उतरवून घेतली होती. भाऊंनीच विश्वासानं दिली होती, एका लग्नाची अडचण म्हणून. ते बसनं पांढुर्ण्याला गेले, परत मागायला.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"म्हने, आवाज काय कोनाच्या बापाचा असते का, भाऊ?" मग म्हणाले, "त्याच्या पेटीत कॅसेटी आपल्यासारख्याच लागल्या आहे. मांडव, हळद, परण्या. त्यानं टिकल्याही लावल्या."

उरलेला एकच मार्ग गोमाजींना पुन्हा उभं करण्याचा होता. भाऊ रोज सायकलनं लोधीखेड्याला जाऊ लागले. दोन लग्नसराया सनई जवळजवळ बंद होती आणि गोमाजींचा दम तुटला होता. खालचे दोन दात गेले होते, ओठ सनईच्या पत्तीवर धरेना. "वाजवत नाही राहिलं का दम दुसऱ्याच्या घरी चालला जाते," ते म्हणायचे. भाऊ समोर बसायचे. घड्याळ घरी ठेवून जायचे, हे मला त्यांच्या बायकोनं सांगितलं. पहिल्या दिवशी अर्धं मिनिट वाजवून गोमाजींना खोकला आला. महिन्यानं दोन मिनिटं झाली.

वैशाखात सौंसरच्याच एका शिक्षकाच्या मुलीचं लग्न ठरलं. शिक्षक वाचनालयात यायचे. मी त्यांना सांगितलं, सनईला गोमाजींनाच बोलवा. ऐकलं त्यांनी. गोमाजी आले, मांडवाच्या खांबाला टेकून बसले. हळदीचं आणि अक्षतांचं बरं झालं. मध्ये सूर फाटला तेव्हा पोरं हसली. भाऊ माइक पुढेमागे करून ते झाकत होते.

बिदाईला उन्हं कलली होती. जीप रस्त्यावर, घरापासून शंभर-दीडशे पावलांवर उभी. नवरी निघाली तसे गोमाजी उठले आणि वाजवत तिच्या मागे चालू लागले. भाऊंनी माइक स्टँडवरून काढला आणि त्यांच्या तोंडाजवळ धरून बाजूनं चालू लागले, मागे वायर उलगडत. मधेच सूर तुटायचा, श्वासाचा घरघर आवाज भोंग्यातून यायचा, पुन्हा सूर लागायचा. कुणी हसलं नाही. नवरी थांबली की दोघं थांबायचे, ती चालली की चालायचे.

अर्ध्या वाटेवर वायर संपली. भाऊंनी ती ओढून पाहिली, ती ताणली गेली. त्यांनी हात लांब केला, आणखी लांब. गोमाजी थांबले नाहीत. ते माइक सोडून पुढे गेले आणि भोंग्यातून सनई नाहीशी झाली. मग रस्त्यावरून नुसती येऊ लागली, बारीक, तुटकी, अंगचीच. जीप वळणाआड गेली तरी ती चालू होती. मी भाऊंच्या मागे उभी होती. त्यांचा हात तसाच पुढे होता आणि माइक रिकाम्या रस्त्याकडे धरलेला.

त्यानंतर गोमाजींनी सनई घेतली नाही. ओठ चिरला होता, बरा व्हायला महिना लागला. "झालं," एवढंच ते म्हणाले, आणि ते समाधानानं म्हणाले असं भाऊंनी मला सांगितलं.

कॅसेट न लावणाऱ्या भाऊंकडे गिऱ्हाईक येईनासं झालं होतं. पावसाळा संपता संपता त्यांनी दुकान आवरलं. शेवटच्या दिवशी ती पेटी डोक्यावर घेऊन वाचनालयात आले.

"हे ठेवून घ्या. पुस्तकासारखं."

"भाऊ, इथे ऐकायला मशीन कुठे आहे?"

"नसू द्या. तुमच्या इथं काही पुस्तकं घरी नेऊ देत नाही न तुमी? तिथंच बसून वाचा म्हनता. त्यात टाका."

मी रजिस्टरात नोंद केली. न देण्याची पुस्तकं, त्याखाली एक पेटी. विषयाच्या रकान्यात काय लिहावं ते कळेना, तो कोरा सोडला.

त्यांना पांढुर्ण्याला कापसाच्या जिनिंगमध्ये काम मिळालं, मोटरींवर देखरेखीचं. मोटर दोन दिवसांनी बंद पडणार हे ते नुसतं ऐकून सांगतात, अशी त्यांची तिथे ख्याती झाली. महिन्या-दोन महिन्यांनी सौंसरला आले की वाचनालयात डोकावायचे. उभ्याउभ्या बोलायचे आणि बसला जायचे. माझ्या तीनच्या वेळेचं काय करायचं ते मला समजत नव्हतं. समोर त्यांच्या जागी शिवणाचं दुकान आलं. खिडकी उघडी ठेवूनही तिकडून मशीनशिवाय काही ऐकू यायचं नाही.

वडील गेले त्या वर्षी भावानं मला भोपाळला बोलावून घेतलं. तिथे मी एका शाळेच्या लायब्ररीत लागली. चारी बाजूंना हिंदी. "करून राहिलो" म्हणणारं माणूस कानावर पडलं तर मी बाजारात दोन दुकानं त्याच्या मागे गेली आहे. भोंगेवाले भाऊ गेल्याचं मला तिथेच कळलं, त्यांच्या बायकोनं कुणाकडून तरी लिहवून घेतलेल्या कार्डावरून. कार्ड फिरत फिरत आलं होतं, दिवस कधीच होऊन गेले होते. ताप आला आणि चार दिवसांत गेले, तुमची आठवण काढायचे, एवढंच होतं.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते पांढुर्णा स्टेशनवर. सौंसर सोडून मी भोपाळची गाडी धरायला तिथे येणार, हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. जिनिंगमधून तासाभराची सुट्टी घेऊन आले. भुवयांवर कापसाचा भुरा बसलेला, त्यामुळे म्हातारे दिसत होते. बायकोनं दिलेल्या दशम्या त्यांनी खिडकीतून आत दिल्या. मग आम्ही गाडी किती उशिरा आली, भोपाळला पाणी कसं आहे, असलं बोलत राहिलो. दोघांनाही दुसरं काही येत नव्हतं.

गाडी सुटायची वेळ झाली आणि बाजूच्या रुळावर मालगाडी आली. नेमके तेव्हाच ते बोलू लागले. एखादं वाक्य नव्हतं ते, बरंच काही होतं. खिडकीच्या गजाला धरून, माझ्याकडे नीट पाहत, मध्ये एकदा थांबून पुन्हा सुरुवात करत ते सांगत होते. डब्यामागून डबे धडधडत होते. मला त्यांचे ओठ दिसत होते, एक शब्द ऐकू येत नव्हता. त्यांना पुन्हा विचारायला वेळ नव्हता. आमची गाडी हलली होती. शेवटी त्यांनी भुवया उचलून माझ्याकडे पाहिलं, उत्तराची वाट पाहतात तसं.

"हो भाऊ," मी म्हटलं. "हो."

माझंही त्यांना ऐकू गेलं नसणार. पण मान हललेली त्यांनी पाहिली. त्यांचा चेहरा सैल झाला. त्यांनी गजावरचा हात काढला, दोन्ही हात जोडले. मी खिडकीतून मागे वळून पाहत राहिली. मालगाडी अजून जातच होती आणि ते फलाटावरून जिनिंगच्या रस्त्याला लागले होते, एक मोठं काम मार्गी लागलेल्या माणसासारखे, मागे न पाहता.